चित्र, निवेदन आणि खेळ : व्हिडिओ गेमविषयक सचित्र लघुचित्रफितींची समीक्षा
(विशेष संदर्भ : ‘राजी : ॲन एन्शंट एपिक’)

गोषवारा :
व्हिडिओ गेम या विषयावर हाताने काढलेली चित्रे आणि निवेदन यांच्या साहाय्याने दोन-तीन मिनिटांच्या चित्रफिती तयार करण्याची एक पद्धत गेल्या दोन दशकांत रूढ झाली आहे. मराठी समीक्षेने या प्रकाराची दखल घेतलेली नाही. प्रस्तुत लेखात या प्रकाराचे नाते मराठी मुलखातील चित्रकथी परंपरेशी जोडून पाहिले आहे. पुण्यात तयार झालेल्या ‘राजी’ या गेमच्या आधारे अशा चित्रफितीकडून समीक्षेची कोणती अपेक्षा ठेवता येईल याचा विचार केला आहे. पदवी वर्गाच्या अंतर्गत मूल्यमापनात या प्रकाराला स्थान द्यावे काय, हा प्रश्नही शेवटी उपस्थित केला आहे.

बीजशब्द : व्हिडिओ गेम, सचित्र लघुचित्रफीत, चित्रकथी, निवेदन, समीक्षा, मूल्यमापन.

प्रस्तावना :
काही काळापूर्वी पदवीच्या दुसऱ्या वर्षातील एका विद्यार्थ्याने अंतर्गत मूल्यमापनासाठी कादंबरीच्या परीक्षणाऐवजी भ्रमणध्वनीवर चित्रित केलेली एक चित्रफीत सादर केली. लांबी तीन मिनिटांपेक्षा थोडी कमी. सराव प्रश्नपत्रिकांच्या कोऱ्या पाठीवर बॉलपेनने काढलेली अकरा चित्रे एकामागून एक सरकत होती आणि विद्यार्थी आपल्या आवाजात ‘बीजीएमआय’ या गेमविषयी बोलत होता. प्रस्तुत लेखकाने ती चित्रफीत ‘विषयाबाह्य’ असा शेरा मारून परत केली. विद्यार्थ्याने वाद घातला नाही. चार दिवसांनी त्याने एका कादंबरीचे परीक्षण लिहून दिले. ते मार्गदर्शक पुस्तिकेतून जसेच्या तसे उतरवलेले होते. त्याला उत्तीर्णतेचे गुण मिळाले.

हा प्रसंग मनातून जाईना, याचे कारण त्या चित्रफितीतील एक वाक्य होय. या गेममध्ये शंभर खेळाडू विमानातून एका बेटावर उतरतात, शस्त्रे गोळा करतात आणि अखेरपर्यंत जिवंत राहण्याचा प्रयत्न करतात. खेळाचे क्षेत्र दाखविणारे वर्तुळ ठरावीक वेळाने लहान होत जाते. विद्यार्थ्याने कागदावर एकात एक अशी वर्तुळे काढली होती आणि म्हटले होते, की खरा शत्रू समोरचा खेळाडू नसून हे वर्तुळ आहे; ते लहान होते म्हणूनच लपून बसलेली माणसे एकमेकांसमोर येतात. हे विधान समीक्षेचे आहे. इयन बोगोस्ट या अभ्यासकाने २००७ मध्ये ‘पर्सुएसिव्ह गेम्स’ या ग्रंथात गेम आपल्या नियमांच्या द्वारे युक्तिवाद करतो, असा सिद्धांत मांडला. विद्यार्थ्याने तो ग्रंथ पाहिलेला नव्हता. तरी नियमाकडे बोट दाखवून त्याचा अर्थ लावण्याचे काम त्याने केले होते, आणि शिक्षकाने ते ओळखले नाही. ते का ओळखता आले नाही, या प्रश्नातून प्रस्तुत लेखाचा विचार सुरू झाला.

उद्दिष्टे व अभ्यासपद्धती :
१) गेमविषयक सचित्र लघुचित्रफितीचे स्वरूप स्पष्ट करणे. २) या प्रकाराचे मराठी चित्रकथन परंपरेशी असलेले साम्य व भेद तपासणे. ३) समीक्षा म्हणून त्याचे सामर्थ्य आणि मर्यादा निश्चित करणे. यासाठी वर्णनात्मक व तौलनिक पद्धतीचा अवलंब केला आहे.

१. कल्याणी ते पिंगुळी : चित्रकथनाची वाट
निलंग्याला लागून असलेल्या बीदर जिल्ह्यात बसवकल्याण आहे. चालुक्यांची राजधानी असलेली कल्याणी ती हीच. येथे बाराव्या शतकात सोमेश्वर तिसरा या राजाने ‘मानसोल्लास’ हा संस्कृत ग्रंथ सिद्ध केला. वीस-वीस अध्यायांचे पाच भाग असे या ग्रंथाचे शंभर अध्याय आहेत. त्यात राज्यकारभार आहे, चित्रकला आहे, पाककला आहे आणि शेवटचा संपूर्ण भाग क्रीडांना दिलेला आहे. वनक्रीडा, जलक्रीडा यांच्याबरोबर चतुरंग आणि फाशांचे खेळही त्यात येतात. चित्रांच्या आधारे कथा सांगणाऱ्या चित्रकथकाचा उल्लेखही याच ग्रंथात आढळतो. म्हणजे जवळपास नऊशे वर्षांपूर्वी, आपल्या शेजारीच, खेळ आणि चित्रकथन हे दोन्ही विषय एका विद्वान ग्रंथाला योग्य वाटले होते. आज महाविद्यालयीन नियतकालिकात गेमविषयी लिहिताना जो संकोच वाटतो, तो परंपरेने दिलेला नाही, हे यावरून लक्षात यावे.

चित्रकथनाची जिवंत परंपरा महाराष्ट्रात सिंधुदुर्ग जिल्ह्यातील कुडाळजवळच्या पिंगुळी गावात ठाकर समाजाने टिकवली. एका कथेच्या चित्रांचा संच म्हणजे ‘पोथी’. चित्रकथी एकेक चित्र प्रेक्षकांसमोर धरतो आणि वीणा, टाळ, हुडूक यांच्या साथीने रामायण-महाभारतातील आख्यान सांगतो. सावंतवाडी संस्थानाचा आश्रय या कलेला लाभला होता. पिंगुळीचे परशुराम गंगावणे यांना २०२१ मध्ये पद्मश्री जाहीर झाली. मराठवाड्यातील पैठणचे नावही याच शैलीच्या जुन्या चित्रांशी जोडले गेले आहे. तिकडे १८९२ च्या सुमारास कल्याणच्या महादेव गोपाळ पटवर्धन यांनी काचेवर रंगवलेली चित्रे दिव्याच्या साहाय्याने पडद्यावर दाखवून, निवेदनासह ‘शांबरिक खरोलिका’चे खेळ सुरू केले. ‘खेळ’ हा शब्द मराठीत प्रयोगालाही लागतो आणि क्रीडेलाही, ही बाब येथे लक्षणीय आहे.

या परंपरेतून एक तत्त्व हाती लागते. चित्रकथीचे चित्र स्थिर असते. त्याला गती देतो तो आवाज. प्रेक्षकाची नजर चित्रात कोठे फिरावी, कोठे थांबावी, हे निवेदक ठरवतो. चित्र बदलण्याचा क्षण हा त्याच्या हातातील सर्वांत मोठा अर्थपूर्ण क्षण असतो. पुढील विवेचनात हेच तत्त्व निकष म्हणून वापरले आहे.

२. सचित्र लघुचित्रफितीचे आजचे रूप
२००७ मध्ये बेन क्रोशॉ या ब्रिटिश समीक्षकाने ‘एस्केपिस्ट’ या नियतकालिकासाठी ‘झिरो पंक्च्युएशन’ ही गेमपरीक्षणांची मालिका सुरू केली. पिवळी पार्श्वभूमी, त्यावर काळ्या-पांढऱ्या साध्या आकृत्या आणि श्वास न घेता केल्यासारखे वेगवान निवेदन, हे तिचे स्वरूप. २०२३ पर्यंत ती चालली. आकृत्या जवळजवळ हलत नाहीत. शब्द बदलला की चित्र बदलते, आणि शब्द व चित्र यांच्यातील विसंगतीतून विनोद निर्माण होतो.

याहून शिक्षकांना अधिक जवळचे वाटावे असे उदाहरण डॅनियल फ्लॉइड याचे आहे. अमेरिकेतील सवाना येथील कला महाविद्यालयात शिकत असताना २००८ मध्ये त्याने गेम आणि कथनकला या विषयावर क्रोशॉच्या धर्तीवर एक सचित्र चित्रफीत केली. वर्गातील कामातून निघालेल्या या वाटेवरच पुढे ‘एक्स्ट्रा क्रेडिट्स’ ही मालिका उभी राहिली. परीक्षण करण्याऐवजी गेमची रचना, नियम, खेळाडूची निवड आणि जबाबदारी यांवर ती बोलते. क्रोशॉने या प्रकाराला उपहास दिला, तर फ्लॉइड आणि त्याच्या सहकाऱ्यांनी त्याला विवेचन दिले, असे म्हणता येईल.

भारतात या प्रकाराची भूमी वेगळ्या कारणांनी तयार झाली. २९ जून २०२० रोजी केंद्र सरकारने टिकटॉकसह ५९ उपयोजनांवर बंदी घातली. २ सप्टेंबर २०२० रोजी आणखी ११८ उपयोजनांवर बंदी आली. त्यांत ‘पबजी मोबाइल’ होता. त्याच सप्टेंबरमध्ये ‘यूट्यूब शॉर्ट्स’ची चाचणी प्रथम भारतात सुरू झाली. जुलै २०२१ मध्ये ‘बीजीएमआय’ भारतीय खेळाडूंसाठी आला. गेम आणि त्याविषयी बोलण्याचे साधन ही दोन्ही जवळजवळ एकाच वेळी नव्या रूपात तरुणांच्या हाती पडली. मराठी वृत्तपत्रांतील गेमविषयक मजकूर मात्र मुख्यतः व्यसन, फसवणूक आणि बंदी यांभोवती फिरत राहिला. या चिंता खोट्या नाहीत. पैशांच्या ऑनलाइन खेळांना मनाई करणारा कायदा ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेला करावा लागला, हे विसरता येत नाही. तथापि, एखाद्या कलाप्रकाराविषयी भाषेत फक्त गुन्ह्याची आणि रोगाची परिभाषा उपलब्ध असेल, तर त्या प्रकारातील चांगले आणि वाईट वेगळे करण्याची क्षमता त्या भाषेत निर्माण होत नाही. ‘लातूर पॅटर्न’च्या छायेत वाढणाऱ्या आपल्या विद्यार्थ्याला गेम हा अभ्यासाचा शत्रू म्हणूनच सांगितला जातो. तो खेळतोच, परंतु काय खेळतो हे सांगण्याचे शब्द त्याच्याजवळ नसतात.

३. आडवा खेळ, उभी चौकट
या प्रकारात चित्र का काढावे, गेमचेच दृश्य का दाखवू नये, असा प्रश्न स्वाभाविक आहे. याची तीन उत्तरे संभवतात.

पहिले उत्तर चौकटीचे. असे बहुतेक गेम आडव्या पडद्यावर खेळले जातात, तर लघुचित्रफीत उभी असते. गेमचे दृश्य उभ्या चौकटीत बसवताना दोन्ही बाजू कापाव्या लागतात किंवा वर-खाली मोकळी जागा सोडावी लागते. कापलेल्या बाजूंत बहुधा नकाशा, उरलेले बळ, सोबत्यांची स्थिती अशी नियम समजण्यास आवश्यक असलेली माहितीच असते. चित्रकार मात्र उभ्या चौकटीसाठीच रचना करतो. काय मोठे, काय लहान आणि काय वगळायचे हे तो ठरवतो, आणि निवड हीच समीक्षेची पहिली पायरी होय.

दुसरे उत्तर साधनांचे. गेमचे दृश्य मुद्रित करून संपादित करण्यास बऱ्यापैकी संगणक किंवा महाग भ्रमणध्वनी लागतो. चित्रांना कागद, पेन, खिडकीचा उजेड आणि पुस्तकांच्या थप्पीला टेकवलेला साधा भ्रमणध्वनी पुरतो. तालुक्याच्या ठिकाणच्या विद्यार्थ्याच्या दृष्टीने हा फरक निर्णायक आहे. शिवाय चित्र त्याचे स्वतःचे असते. दृश्य कंपनीचे असते.

तिसरे उत्तर सर्वांत महत्त्वाचे. गेमचे दृश्य काय घडले ते दाखवते. नियम दाखवत नाही. लहान होत जाणारे वर्तुळ खेळाच्या दृश्यात क्वचित पूर्ण दिसते. एकात एक वर्तुळे काढली, की कालचा आणि उद्याचा आकार एकाच वेळी समोर येतो. चित्र कालक्रम एका पानावर आणू शकते. परंपरेने ज्याच्याशी ज्ञानेश्वरांचे नाव जोडले जाते त्या मोक्षपटातही हेच घडते. सापशिडीच्या त्या पटावर पुण्य-पापाचा सगळा प्रवास एका दृष्टिक्षेपात मावतो. खेळताना मात्र तो फाशामागून फासा असा उलगडतो.

४. ‘राजी’ : खेळाच्या पोटातील चित्रकथा
पुण्याच्या ‘नॉडिंग हेड्स गेम्स’ या संस्थेने तयार केलेला ‘राजी : ॲन एन्शंट एपिक’ हा गेम ऑगस्ट २०२० मध्ये प्रथम निंटेंडो स्विच या यंत्रावर आणि ऑक्टोबर २०२० मध्ये इतर यंत्रांवर प्रकाशित झाला. त्यापूर्वी २०१७ मध्ये लोकवर्गणीतून निधी उभारण्याचा प्रयत्न अयशस्वी ठरला होता. २०२० च्या ‘गेम अवॉर्ड्स’मध्ये पदार्पणातील सर्वोत्कृष्ट गेमच्या नामांकनांत त्याचा समावेश होता. पुढे आलेल्या सुधारित आवृत्तीत हिंदी संवादांची सोय झाली.

कथानक साधे आहे. राजी ही डोंबाऱ्याचे खेळ करणाऱ्यांतील मुलगी. असुर मुलांना पळवून नेतात, त्यांत तिचा धाकटा भाऊ गोलू असतो. दुर्गेने दिलेला त्रिशूल आणि पुढे विष्णूकडून मिळालेले धनुष्य घेऊन ती महाबलासुराच्या मागावर जाते. दुर्गा आणि विष्णू हे दोघेच निवेदक आहेत. ते राजीविषयी एकमेकांशी बोलतात आणि खेळाडू ते ऐकतो.

प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने या गेमचे महत्त्व असे, की त्याने स्वतःच्या आत चित्रकथन वापरले आहे. कथानकाचे दुवे छायाबाहुल्यांच्या शैलीतील लघुदृश्यांतून सांगितले जातात. पहाडी लघुचित्रांची छाप असलेल्या भिंतींवर देवतांची आख्याने चित्रित आहेत. राजी त्या भिंतीजवळ थांबली की निवेदन सुरू होते. खेळाडू थांबतो, पाहतो, ऐकतो. हे चित्रकथीच्या प्रेक्षकाचेच आसन होय. मंडलाची वर्तुळे फिरवून चित्र जुळवण्याची कोडी याच्या पुढे जातात. तेथे राजीच्या आठवणींचे तुकडे जुळवावे लागतात आणि चित्र पूर्ण करणारा हात खेळाडूचा असतो. पाहणे आणि करणे यांतील अंतर या कोड्यांत मिटते. प्रस्तुत लेखकाच्या मते या गेममधील सर्वांत सरस स्थळे हीच होत.

दोष याच निकषावर दिसतात. भिंतीवरील आख्यान ऐकले काय आणि न ऐकले काय, पुढील लढाईत काही फरक पडत नाही. चित्रातून मिळालेले ज्ञान नियमांत उतरत नाही. महिषासुराची कथा ऐकून झालेला खेळाडू असुराशी पूर्वीसारखाच लढतो. त्यामुळे चित्रकथा आणि खेळ हे दोन प्रवाह शेजारून वाहतात. कोडी वगळता ते मिसळत नाहीत. शेवटही अपुरा वाटतो. बहिणीने भावासाठी केलेल्या प्रवासाची भावनिक परिणती गेम नीट हाताळत नाही. आणखी एक प्रश्न मराठी समीक्षकाने विचारायला हवा. पुण्यात बसून चित्रशैली निवडताना हिमालयाच्या पायथ्याची लघुचित्रे जवळ वाटली आणि पिंगुळी-पैठणची चित्रे का वाटली नाहीत? निर्मात्यांवर हा आक्षेप नाही. शैली निवडण्याचे स्वातंत्र्य त्यांचे आहे. आपण त्या चित्रांविषयी नव्या पिढीशी किती बोललो, हा प्रश्न आपल्याकडे वळतो.

५. तीन मिनिटांची समीक्षा : एक मांडणी
ऑक्टोबर २०२४ पासून यूट्यूबवरील लघुचित्रफितीची कमाल मर्यादा तीन मिनिटे झाली आहे. मराठी निवेदन सावकाश वाचल्यास मिनिटाला साधारण शंभर ते सव्वाशे शब्द होतात. म्हणजे हाती सव्वातीनशे-साडेतीनशे शब्द. ‘राजी’वरील समीक्षा एवढ्या जागेत कशी बसेल?

आठ चित्रे पुरेशी व्हावीत. पहिल्या चित्रात दोरीवरची मुलगी आणि खाली भाऊ. एका वाक्यात कथानक. दुसऱ्यात भिंतीसमोर थांबलेली राजी, पाठमोरी. तिसऱ्यात तेच चित्र, परंतु भिंतीसमोर पिंगुळीचा चित्रकथी आणि त्याच्यापुढे बसलेली राजी. येथे निवेदकाने परंपरेचे नाव घ्यावे. चौथ्यात फिरणारी मंडलाची वर्तुळे आणि त्यांवर ठेवलेला खेळाडूचा हात. पाचव्यात लढाई. सहाव्यात दुसरे चित्र पुन्हा, बदल न करता, आणि त्यानंतर लगेच पाचवे चित्र पुन्हा, तेही जसेच्या तसे. ही पुनरावृत्तीच ‘कथेने खेळ बदलत नाही’ हा आक्षेप सिद्ध करते. त्यासाठी विशेषणे लागत नाहीत. सातव्यात अर्धवट सोडलेले चित्र, म्हणजे शेवट. आठव्यात प्रश्न.

अशा मांडणीत चित्र हे निवेदनाची सजावट राहत नाही, पुरावा होते. लेखी समीक्षेत अवतरण जे कार्य करते, ते येथे चित्र करते. चित्र काढून टाकले तरी युक्तिवाद तसाच उभा राहत असेल, तर ती चित्रफीत सचित्र समीक्षा नव्हे. ते चित्रे लावलेले भाषण होय.

६. मर्यादा
या प्रकाराच्या मर्यादा गंभीर आहेत. पहिली मर्यादा वेगाची. पहिल्या काही क्षणांत प्रेक्षक टिकला नाही तर चित्रफीत पुढे सरकवली जाते, म्हणून निर्माते सुरुवातीलाच आरडाओरडा किंवा टोकाचा निकाल देतात. क्रोशॉच्या अनुकरणातही त्याची शिवराळ धार उचलली जाते आणि रचनेचे निरीक्षण गळून पडते. दुसरी मर्यादा सारांशाची. कथानक सांगणे सोपे असल्याने परीक्षणाची जागा सारांश घेतो. मार्गदर्शक पुस्तिकांतून उतरवलेल्या परीक्षणांचाही हाच दोष आहे, हे मान्य करावे लागेल. तिसरी मर्यादा सामायिक अनुभवाची. चित्रकथीच्या प्रेक्षकाला रामकथा ठाऊक असते. गेमसमीक्षेच्या प्रेक्षकाने गेम खेळलेला असेलच असे नाही. बोटांना जाणवणारा वेळ, चुकण्याची आणि पुन्हा प्रयत्न करण्याची लय चित्रात उतरत नाही. येथे चित्राने नम्र राहावे आणि निवेदकाने ‘मी या ठिकाणी कितीदा हरलो’ हे प्रामाणिकपणे सांगावे, एवढेच शक्य आहे.

निष्कर्ष :
१) व्हिडिओ गेमविषयक सचित्र लघुचित्रफीत हा प्रकार परदेशात आकाराला आला असला, तरी स्थिर चित्राला आवाजाने गती देण्याचे त्याचे तत्त्व मराठी चित्रकथन परंपरेत पूर्वीपासून आहे.
२) गेमच्या मुद्रित दृश्यापेक्षा हाताने काढलेले चित्र नियम व कालक्रम अधिक स्पष्ट करू शकते, आणि ते अल्प साधनांत शक्य आहे.
३) चित्र पुरावा म्हणून आले तरच त्या चित्रफितीस समीक्षा म्हणता येते.
४) ‘राजी’ने खेळात चित्रकथा आणली, मात्र कोड्यांचा अपवाद वगळता ती नियमांपर्यंत पोहोचली नाही.
५) मराठीत गेमविषयक परिभाषा घडवण्याचे काम भाषा विभागांनी टाळू नये.

अंतर्गत मूल्यमापनात अशा चित्रफितीस स्थान देता येईल, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे. अटी तीन असाव्यात. निवेदनाची लेखी संहिता सोबत जोडावी. प्रत्येक चित्र कोणत्या विधानाचा पुरावा आहे ते लिहावे. गेमच्या किमान एका नियमाचा अर्थ लावावा. या कसोट्या लावल्या असत्या, तर अकरा चित्रांची ती चित्रफीत तिसऱ्या कसोटीवर निःसंशय उत्तीर्ण झाली असती आणि कादंबरीचे ते उतरवलेले परीक्षण कोणत्याही कसोटीवर टिकले नसते. आपण उत्तीर्ण केले ते परीक्षण. चित्रे ज्यांवर काढली होती त्या प्रश्नपत्रिका विद्यार्थी परत घेऊन गेला. पुढील सत्राच्या पहिल्या तासिकेला त्या पुन्हा मागवण्याचे ठरवले आहे.